मेट्रनच्या गाडीचं नाक

मेट्रन कुणाशीही बोलायला लागल्या की मनातल्या मनात त्याचे श्वास मोजायच्या. समोरच्याला पत्ता नसायचा. तो आपला उकाड्यावर नाहीतर बसच्या गर्दीवर बोलतोय, मेट्रन मान डोलावतायत, "अच्छा, अच्छा" म्हणतायत, आणि बरोबर एका मिनिटाने त्याला मध्येच तोडून सांगणार, "अठ्ठावीस. जरा खाली बसा." माणूस निमूट बसायचा. मी त्यांच्या डोक्यावरच्या गच्चीतल्या खोलीत, दिल्लीच्या भाषेत बरसातीत, राहायला आलो त्या दिवशी ट्रंक आणि वळकटी घेऊन जिना चढत होतो. मधल्या मजल्यावर या दार अडवून उभ्या. ना नाव विचारलं, ना गाव. माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बत्तीस." मला वाटलं वय ओळखतायत. म्हटलं, "नाही हो, सव्वीस." त्यावर म्हणाल्या, "वय नाही रे, श्वास. मिनिटाला बत्तीस. सिगारेट ओढतोस?" ओढत होतो. त्या दिवसापासून सोडली. म्हणजे घरात सोडली.

मेट्रन म्हणजे साळवेबाई. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. जुन्या दिल्लीतल्या एका मिशन इस्पितळात छातीच्या वॉर्डावर त्यांची उभी हयात गेली. साळवेबाई हे नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळ्या गल्लीला त्या मेट्रन. आमची गल्ली हिंदूरावच्या उताराला लागून होती. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. कालव्यांचे नकाशे काढायचो. मेट्रन रागात असल्या की मला कालवेसाहेब म्हणायच्या आणि बऱ्या असल्या की बाळा. मराठी बोलायला माणूस मिळावा म्हणून मी दर रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनपर्यंत तंगडतोड करायचो. मेट्रन भेटल्यावर ती पायपीट थांबली. मराठीही मिळालं आणि वर भाकरीही.

त्यांचं एक वाक्य होतं, "आधी श्वास, मग बाकीचं." हे वाक्य त्या कुठेही लावायच्या. कुकरची शिट्टी अडकली की आधी श्वास. रेडिओ खरखरला की त्याच्या मागचं झाकण उघडून फुंकर मारणार, म्हणजे पुन्हा आधी श्वास. समोरच्या घरातल्या नवराबायकोचं एकदा कडाक्याचं भांडण जुंपलं, ताटल्या बाहेर यायला लागल्या. मेट्रन सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि दोघांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. "मुँह बंद. नाक से. दस बार." सातव्या श्वासाला नवऱ्याला हसू फुटलं आणि दहाव्याला दोघांनाही भांडण कशावरून होतं ते आठवेना. मेट्रन म्हणाल्या, "बघ, ऑक्सिजन कमी पडतो म्हणून माणसं भांडतात." मी माझ्या हेडक्लार्कवर हा प्रयोग करून पाहिला. मला लेखी खुलासा द्यावा लागला.

या बाईंकडे एक स्पोर्ट्स कार होती. हो, स्पोर्ट्स कार. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, दोनच आसनं, छप्पर कापडाचं, आणि इतकी बुटकी की आत बसल्यावर शेजारच्या सायकलवाल्याचे गुडघे दिसायचे. इस्पितळातले एक इंग्रज डॉक्टर स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मायदेशी परतले तेव्हा ती मेट्रनना देऊन गेले. डॉक्टरांची आई आजारी असताना मेट्रननी सलग महिनाभर रात्रपाळ्या केल्या होत्या, त्याची ती परतफेड. मेट्रन दर रविवारी पांढरीशुभ्र साडी नेसून तिच्यातून चर्चला जायच्या. गाडीला नाव नव्हतं. त्या तिला पेशंट म्हणायच्या, कारण तिची रोज काही ना काही तक्रार असायची.

मी आलो तेव्हा पेशंट बंद पडून वर्ष झालं होतं. कुणा एका मेकॅनिकने तिच्या कार्बोरेटरवरचा हवेचा फिल्टर धुवायला म्हणून काढला आणि हरवून टाकला. तसला नवा मिळणं शक्य नव्हतं. परदेशी माल यायचाच बंद. मेकॅनिक म्हणाला, "बिना फिल्टर चलाओ सिस्टर, क्या फर्क पड़ता है." मेट्रन खवळल्या. "नाकातले केस उपटून आंधीत फिर म्हणतोय मला!" मे महिन्यात राजस्थानकडून धुळीची जी आंधी येते ती ज्याने खाल्ली आहे त्याला मेट्रनचं म्हणणं पटेल. आमच्या दातांखाली महिनाभर वाळू कचकचायची. इंजिनाचं काय झालं असतं! उघड्या नाकाने गाडी एक मैलही चालवायची नाही, असा त्यांनी निश्चय केला आणि पेशंटवर चादर टाकली.

चादर काढायची वेळ आली त्याचं कारण असं. मेट्रन मे अखेरीला रिटायर होणार होत्या. घरमालकाला गाडीची जागा दुकानांसाठी हवी होती, त्यामुळे जूनच्या आत घर आणि अंगण दोन्ही खाली करायचं होतं. मेट्रनचा बेत ठरलेला होता. गाडी चालवत नगरला जायचं, आणि तिथून आसपासच्या खेड्यांत फिरून खोकलेकरी, दमेकरी माणसं पाहायची. "दोन आसनं पुरे. एकावर मी, एकावर पेशंट," म्हणायच्या. आणि गाडी नाही चालली तर? "तर ती कबाड्याला, म्हणजे भंगारात जाईल, आणि मी रेल्वेने जाऊन भावाच्या घरी कोपऱ्यात भाजी निवडत बसेन. मरेपर्यंत मेथी." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला मेथीची भीती वाटायला लागली. त्यात तो कबाडी दर शनिवारी ठेला घेऊन फाटकाशी यायचा आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या नातेवाइकाची चौकशी करावी तशा दबल्या आवाजात विचारायचा, "सिस्टर, कुछ उम्मीद है?"

तेव्हा नवं नाक बनवायचं ठरलं. मेट्रन नकाशाचा कागद घेऊन वर आल्या. "कालवे काढतोस ना? पाणी काय नि हवा काय, दोन्ही उताराने जातात. काढ." मी म्हटलं, "मेट्रन, हवा उताराने जात नाही." त्या म्हणाल्या, "मग तुझ्या कालव्यांतून पाणी तरी जातं का?" मी सबंध रविवार घालवून नकाशा काढला. उत्तर दिशा दाखवली. सवयीने मध्ये एक दरवाजा आणि जादा पाणी वाहून जायला सांडवाही काढला. खाली उजव्या कोपऱ्यात मंजुरीसाठी सह्यांचे तीन रकाने आखले. मेट्रननी चष्मा लावून पाहिलं आणि एका रकान्यात 'पाहिलं' असं लिहून सही केली. मग कागद उलटा करून त्यावर भाकरीचं पीठ चाळलं.

"असं मोजून मापून होत नाही," त्या म्हणाल्या, "आतली जागा वेडीवाकडी आहे. मोडलेल्या पायाचं जसं घेतो तसं साच्यावरून घ्यायचं." कार्बोरेटर दोन होते, शेजारी शेजारी, आणि त्यांच्या तोंडांपासून बॉनेटपर्यंत वीतभरच जागा. त्या जागेत बसेल असा डबा हवा होता. मेट्रननी दोन्ही तोंडांत कापसाचे बोळे घातले, सगळीकडे व्हॅसलीन फासलं आणि प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांचा ढीग रचला. हात असा भराभर चालायचा की बघत राहावं. मग मला म्हणाल्या, "बॉनेट लाव. वरचा छाप उठला पाहिजे." मी बॉनेट लावलं. दोघं चहा प्यायला गेलो. चहा पिता पिता मेट्रनचा कप अर्ध्यात थांबला. "बॉनेटला खालून व्हॅसलीन लावलंस?" मला वाटलं त्यांनी लावलं असेल, त्यांना वाटलं मी.

बॉनेट उघडेना. आम्ही ओढलं, घरमालकाने ओढलं, शनिवार असल्यामुळे कबाड्यानेही आशेने ओढून पाहिलं. मेट्रननी बॉनेटवर तळहात ठेवला. प्लास्टर घट्ट होताना तापतं, तसा पत्रा कोमट लागत होता. "ताप आहे," त्या म्हणाल्या, आणि मग सवयीने, गंभीर चेहऱ्याने, "हलवायचं नाही. एकवीस दिवस." मी तोंडावर रुमाल धरून अंगणाबाहेर पळालो. शेवटी मागचे बिजागरीचे बोल्ट सोडवले आणि चौघांनी मिळून बॉनेट अलगद सरळ वर उचललं. त्याच्या पोटाला चिकटून प्लास्टरचा गोळा बाहेर आला, आणि गंमत अशी की त्यावर आतल्या प्रत्येक नळीचा, प्रत्येक नटाचा छाप स्वच्छ उठला होता. बॉनेट आधी सुटं केलं असतं तर एवढा चांगला साचा मिळाला नसता. मेट्रन लगेच म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं." त्या असं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

साचा गेला अल्ताफमियाँकडे. अल्ताफमियाँ सदर बाजाराच्या बाजूला पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. त्यांचा दमा मेट्रननी आटोक्यात आणला होता, म्हणून मेट्रनचा शब्द म्हणजे हुकूम. ते तो गोळा चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर घेऊन गेले. वाटेत दोघातिघांनी कुणाचा पाय म्हणून विचारलं. चार दिवसांनी डबा घेऊन आले. काय सुरेख डबा! वळणं जिथल्या तिथे, डाग दिलेले सांधे बोटाला लागू नयेत असे. वर निळा रंग, चारी बाजूंना गुलाबाची फुलं, पुढे कडी आणि कुलूप लावायला कोयंडा. बाजूला कार्बोरेटरची दोन भोकं बरोबर होती. फक्त हवा आत जायला जे मोठं भोक ठेवायचं होतं, ते नव्हतं. तिथे सुबकपणे पत्रा डागलेला होता.

"मियाँ, इसमें हवा कहाँ से जाएगी?" मेट्रननी विचारलं.

"हवा?" अल्ताफमियाँ दुखावले. "सिस्टर, मेरे संदूक में हवा नहीं जाती. तीस साल में किसी की रजाई को कीड़ा नहीं लगा. पानी में डाल के देख लो."

"पर ये संदूक नहीं है."

"मेरे हाथ से निकला तो संदूक ही है."

मेट्रन पुढे झाल्या. त्यांनी एका हाताने अल्ताफमियाँचं तोंड दाबलं, दुसऱ्याने नाक धरलं आणि शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. अल्ताफमियाँचे डोळे मोठे झाले, मग आणखी मोठे झाले, मग त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक भलं मोठं भोक काढून दाखवलं. मेट्रननी सोडलं. "समझ गए?" "बिल्कुल समझ गया सिस्टर," अल्ताफमियाँ धापा टाकत म्हणाले. त्यांनी भोक पाडलं. पण उघडं भोक ठेवून माल बाहेर पाठवणं त्यांच्या जिवावर आलं असावं, कारण त्यावर त्यांनी हळूच एक छोटं झाकण बसवलं. मेट्रननी ते पान्याने उपटलं आणि त्यांच्याच खिशात घातलं.

आता फिल्टर. इथे मेट्रनचं शिक्षण आडवं आलं. त्यांनी उकळून वाळवलेलं गॉज घेतलं आणि ऑपरेशनच्या वेळी तोंडाला बांधतात तसं आठ पदरी करून भोकावर ताणून बांधलं. "एक जंतू आत जाणार नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "मेट्रन, गाडीला जंतूंनी काही होत नाही." "तू डॉक्टर आहेस?" "नाही." "मग?" आम्ही निघालो. गल्लीमागच्या रिज टेकडीचा चढ ही त्यांची परीक्षा होती. तो चढ न थांबता चढली तर पेशंटला डिस्चार्ज, म्हणजे नगर. मागोमाग कबाडी ठेला ढकलत येत होता. अर्ध्या चढावर इंजिन घुसमटलं, मागून काळाकुट्ट धूर आला, दोन आचके दिले आणि पेशंट बेशुद्ध. मागे एक ट्रक हॉर्न वाजवत उभा. मेट्रन खाली उतरल्या, धुराकडे पाहून म्हणाल्या, "काळा बेडका. हवा कमी, पेट्रोल जास्त," आणि ट्रकवाल्याजवळ जाऊन त्याला चोवीस श्वास असल्याचं सांगितलं. त्याने हॉर्न बंद केला. कबाडी जवळ येऊन टोपी काढून उभा राहिला. गाडी ढकलत परत आणली. त्या संध्याकाळी मेट्रन प्रथमच मेथी निवडायला बसल्या.

रविवारी दुपारी मी गच्चीवरच्या खोलीत कूलरसमोर उघडाबंब पडलो होतो. मेट्रन दार ढकलून आत आल्या. मी लुंगी सावरली, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या कूलरकडे पाहत होत्या.

"हे काय करतं?"

"बाहेरची तापलेली हवा गार करून आत सोडतं," मी म्हणालो.

"आणि धूळ?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी काही विचारलं की माहिती पुरवायची ही सरकारी सवय. "धूळ सगळी वाळ्यात अडकते. परवाच्या आंधीनंतर या पट्ट्या नुसत्या चिखल झाल्या होत्या, पण आत कणसुद्धा आला नाही. आणि हवा बघा कशी भरभर येते." बोलून होईपर्यंत मेट्रननी कूलरची एक बाजू उपटून काखेत मारली होती. "आपण पेशंटला बॉनेटखालची, भट्टीतली हवा पाजत होतो रे," त्या जिना उतरता उतरता ओरडल्या, "आणि तोंडावर उशी दाबून! तापलेल्या माणसाला तापलेल्या खोलीत कोण ठेवतं?" तो सबंध जून मी तीन बाजूंच्या कूलरवर काढला.

मग भराभर झालं. रेडिएटरच्या पुढे, जिथे बाहेरची ताजी हवा लागते तिथे, अल्ताफमियाँनी दुसरा छोटा, तसाच गुलाबांचा डबा बसवला. हा पुढून उघडा होता आणि त्यात वाळ्याची पट्टी. पुढच्या जाळीतून गुलाब दिसत राहायचे. "ओलसर ठेवायचं, ठिबकता कामा नये, नाहीतर न्यूमोनिया," ही मेट्रनची सूचना. तिथून कॅनव्हासचा जाड पाइप मागच्या डब्यापर्यंत. तो मेट्रननी स्वतः शिवला, जखमेला घालतात तसल्या टाक्यांनी, आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. मागच्या डब्याच्या आत दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांशी त्यांनी रॉकेल ओतायची दोन नरसाळी कापून बसवली, रुंद तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा कडेला न अडखळता आत घसरावी. मी विचारलं हे कुठे शिकलात. म्हणाल्या, "नरसाळं हे नरसाळं असतं रे, त्याला काय शिकायचं?"

शेवटी त्यांनी स्टेथोस्कोप काढला, पुढची चकती काढून नुसती रबरी नळी ठेवली, आणि इंजिन चालू असताना ती आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांशी धरली. डोळे मिटलेले. गल्लीतली पोरंसोरं गप्प. "डावं कमी घेतंय," त्या म्हणाल्या, "उजव्यावर सगळा भार टाकतंय. आळशी." डावीकडचा स्क्रू पाव आटा फिरवला. पुन्हा ऐकलं. असं पाऊण तास चाललं. मी हात बांधून उभा होतो आणि एकाएकी कळलं की इंजिनाचा आवाज बदललाय. आधी ते कुरकुरत होतं, आता नुसतं बोलत होतं. मेट्रननी डोळे उघडले. "आता दोन्ही सारखे," म्हणाल्या, आणि पदराने कपाळ पुसलं.

रिजचा चढ पेशंटने असा घेतला की मी सीटला चिकटलो. वाऱ्याबरोबर वाळ्याचा वास नाकात भरत होता. मेट्रन आधी मोठ्याने हसल्या, मग मोठ्याने एक मराठी भजन म्हणायला लागल्या. वर पोचल्यावर इंजिन बंदसुद्धा केलं नाही. परत आलो तर कबाडी फाटकाशी. "सिस्टर, ये तो चढ़ गई," तो म्हणाला. मृत्युपत्र ऐकायला यावं आणि आजोबा उठून चहा मागावेत, तसा त्याचा आवाज झाला होता. पण माणूस दिलदार. जाताना त्याने ठेल्यातून शोधून बाजूला लावायचा एक आरसा काढून दिला. "लंबा रास्ता है," म्हणाला.

मीही गल्लीबरोबर टाळ्या वाजवल्या. वर खोलीत जाऊन बसलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. अरे मूर्खा, तू महिनाभर राबून काय केलंस? ही बाई आता जाणार. तुझा खोकला ऐकून खालून काठीने छत ठोकणारं कुणी राहणार नाही. भाकरी गेली, मराठी गेलं, "कालवेसाहेब, तोंड बघा आपलं" गेलं. मला फार वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं. आणि हे कुणाला सांगणार? जिला सांगायचं तीच जाणार होती.

निघायच्या दोन दिवस आधी मी गाडी पुसत होतो. बॉनेट उघडं होतं. कॅनव्हासच्या पाइपाची मागची क्लिप सैल झालेली मला दिसली. स्क्रू निम्मा बाहेर आला होता. पाना हाताशी होता. मी बॉनेट लावून टाकलं. मनात सगळा हिशेब मांडला: फरीदाबादपर्यंत पाइप निसटेल, इंजिन तिथल्या वीटभट्ट्यांची धूळ प्यायला लागेल, आणि फिल्टरशिवाय एक मैलही जायचं नाही हा मेट्रनचा निश्चय, म्हणजे संध्याकाळी परत. त्यांच्याकडेही पाना असतो आणि त्या रस्त्याच्या कडेला उतरून दोन मिनिटांत क्लिप आवळतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाईट कामालाही थोडी अक्कल लागते. ती मला कधीच नव्हती. दोन रात्री झोप मात्र लागली नाही.

निघाल्या त्या दिवशी पहाटेच गल्ली जागी झाली होती. आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, अशा प्रत्येक मुक्कामाला मेट्रनच्या हाताखाली शिकलेली एकेक नर्स होती. सगळ्यांना पत्रं गेली होती. शेजारच्या सीटवर अल्ताफमियाँची गुलाबाची ट्रंक, तिच्यात औषधं. अल्ताफमियाँ स्वतः डोळे पुसत सांगत होते, "हवा नहीं जाएगी सिस्टर, इसमें बिल्कुल नहीं जाएगी." मेट्रन पांढऱ्या साडीत, डोक्याला रुमाल बांधून बसल्या. इंजिन सुरू झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला राहवलं नाही. "थांबा," म्हणालो. बॉनेट उघडलं, पाना घेतला आणि क्लिप गच्च आवळली. मग बॉनेट लावून त्यांच्या खिडकीशी गेलो.

"मेट्रन, मागची क्लिप परवापासून सैल होती. मी पाहिली होती. बोललो नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मीही परवाच पाहिली."

"मग आवळली का नाहीत?"

दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "मी पण म्हटलं, राहू दे," त्या म्हणाल्या. "फरीदाबादहून परत यायला काही लाज वाटली नसती." मग नाक ओढलं, रुमालाची गाठ नीट केली. "आता आवळलीस ना? मग जाते. जेवत जा वेळेवर."

आणि गेल्या. पुढचं मला पत्रांतून कळलं: पेशंट नवव्या दिवशी नगरला पोचली, नंतर पुष्कळ वर्षं खेड्यापाड्यांतून फिरली, आणि लोक तिला गुलाबाची गाडी म्हणू लागले. मेथीचं नाव एकाही पत्रात नव्हतं. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी उशिरा ऑफिसात पोचलो, टेबलावर कालवा पसरला, आणि एक रेघ सरळ येईना. शेवटी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आई गावी गेली.' आमच्या सेक्शन ऑफिसरनेच दोन वर्षांपूर्वी माझी आई वारली तेव्हा माझी रजा मंजूर केली होती. त्याने अर्ज वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं, 'अर्धा' खोडून 'पूर्ण' लिहिलं आणि सही केली.